एका गोळीत दोन औषधं

अकोल्याला बदली झाली तेव्हा मी बावन्न वर्षांची होते आणि घरात एक्क्याऐंशी वर्षांचे बाबा होते. आम्ही दोघंच. मी लग्न केलं नाही. आई गेल्यावर बाबांना सोडून दुसरीकडे राहायचा प्रश्नच उरला नाही. धाकटा भाऊ हैदराबादला असतो, रविवारी फोन करतो. बाबांना आठ दिवस अकोल्याला नेऊन पाहिलं होतं. भाड्याच्या दोन खोल्यांत ते खुर्चीवर बसून नुसते दाराकडे बघत राहायचे. नवव्या दिवशी त्यांना परत अमरावतीला आणलं आणि मी अप-डाऊन सुरू केलं. सकाळी स्कूटीनं बडनेरा, तिथं स्टँडवर गाडी लावायची, रेल्वेनं अकोला, स्टेशनवरून ऑटोनं ऑफिस. संध्याकाळी तेच उलटं. काही दिवसांचाच प्रश्न आहे, असं मी विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे. त्याला आता चौथं वर्ष लागलं आहे.

माझं बीपी सापडलं ते बाबांमुळे. त्यांना तपासायला नेलं होतं. डॉक्टरीणबाई आमच्या जुन्या ओळखीच्या, आईलाही त्यांनीच पाहिलं होतं. बाबांचा दंड मोकळा करून त्या माझ्याकडे वळल्या, म्हणाल्या, बसा, तुमचंही बघू. बाबांचं एकशे अठ्ठावीस निघालं. माझं एकशे बहात्तर, खालचं एकशे चार. त्यांनी पाच मिनिटं शांत बसवून पुन्हा घेतलं, दुसऱ्या दंडावरही घेतलं. फारसा फरक नव्हता. मला काहीच होत नव्हतं, डोकं दुखत नव्हतं, चक्कर नव्हती. थकायला व्हायचं, पण ते कोणाला होत नाही?

त्यांनी एक गोळी सुरू केली. दोन महिन्यांनी बीपी उतरलं, पण पुरेसं नाही, म्हणून दुसरी दिली. ही दुसरी शरीरातलं जास्तीचं मीठ आणि पाणी लघवीवाटे काढते, सकाळी घ्या, सुरुवातीला जरा जास्त वेळा जावं लागेल, असं त्या म्हणाल्या. मी मान हलवली.

जरा जास्त वेळा कुठं जावं लागेल, हा विचार मला दुसऱ्या दिवशी गाडीत, मूर्तिजापूरच्या आसपास आला. डब्यातल्या संडासात मी एकदाच गेले, पुन्हा जाणार नाही असं ठरवून बाहेर आले. ऑफिसात बायकांसाठी एक संडास होता. त्याची आतली कडी तुटलेली होती, म्हणून एकीनं आत जायचं आणि दुसरीनं बाहेर उभं राहायचं. उन्हाळ्यात तर नळाला पाणीच नसायचं. आम्ही तीन बायका होतो. प्रत्येकीनं आपापली सोय लावली होती, आणि ती सोय म्हणजे पाणी न पिणं. सकाळी घरी चहा, दुपारी डब्याबरोबर घोटभर पाणी, मग थेट संध्याकाळी घरी आल्यावर तांब्यावर तांब्या.

ती गोळी मी कामाच्या दिवशी घेणं सोडून दिलं. शनिवार-रविवार घ्यायची. दोन दिवस तरी पोटात जाते आहे ना, असं मनाला सांगायचे. बाबांच्या गोळ्या मात्र मी सकाळ-दुपार-संध्याकाळ अशा डबीच्या कप्प्यांत भरून ठेवायचे, ऑफिसातून दुपारी फोन करून घेतली का म्हणून विचारायचे. त्यात माझी एक दिवसही चूक झाली नाही.

पुढच्या तपासणीला बीपी पुन्हा वर गेलेलं होतं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, गोळ्या रोज घेता ना? मी हो म्हटलं. का म्हटलं ते मला नीट सांगता येणार नाही. संडासाची गोष्ट सांगायची लाज वाटली, हे एक. दुसरं म्हणजे बाहेर बारा-पंधरा पेशंट बसले होते आणि बाबा घरी एकटे होते. हो म्हटलं की लवकर सुटका होते.

त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, दोन वेगळ्या गोळ्यांपेक्षा आपण एकच देऊ. तिच्यात ही दोन्ही औषधं आहेत, शक्ती जरा जास्त आहे. एकच गोळी असली की चुकत नाही. जुन्या दोन्ही बंद. पंधरा दिवसांनी रक्त तपासून या. हे त्यांनी सांगितलं, चिठ्ठीवर लिहिलंही. त्याच वेळी माझा फोन वाजत होता, भावाचा. बाबा फोन उचलत नव्हते म्हणून त्यानं मला लावला होता. मी एका कानानं डॉक्टरीणबाईंचं ऐकलं.

त्या दिवशीचा आकडा माझ्या मनाला लागला होता. घरी येऊन मी ठरवलं, आता हयगय नाही. नवी गोळी सकाळी रोज घ्यायला लागले, ट्रेनचं काय व्हायचं ते होवो म्हणून. जुन्यांपैकी पहिल्या गोळीची दीड पाकिटं पर्समध्येच शिल्लक होती. त्या गोळीनं लघवीचा त्रास होत नव्हता, म्हणून ती माझ्या मनात गरीब, निरुपद्रवी अशी होती. ती रात्री जेवणानंतर घेत राहिले. जास्त घेतलं तर जास्त उतरेल, आणि चांगल्या गोळ्या फेकायच्या कशाला. तेच औषध नव्या गोळीच्या पोटात आधीच बसलेलं आहे, हे मी पाकिटावर वाचलं असतं तर कळलं असतं. अक्षरं बारीक होती, पण वाचता येत नव्हती असं नाही. जमिनीच्या मोजणीचे नकाशे मी दिवसभर वाचते.

त्यात गुडघा. बडनेरा स्टेशनवरचा पूल रोज दोनदा चढून-उतरून उजवा गुडघा धरला होता. ऑफिसजवळच्या मेडिकलवाल्यानं दुखण्याची गोळी दिली होती, तिनं बरं वाटायचं. सकाळी एक, संध्याकाळी एक, असं तीन आठवडे चाललं. बीपीची गोळी चालू आहे हे मी त्याला सांगितलं नाही, त्यानंही विचारलं नाही.

आणि मे महिना होता. अकोल्याचा मे काय असतो ते अकोल्यात राहणाऱ्याला सांगायला नको. ऑफिसातला कूलर गरम हवा फेकायचा. मी पाणी पीत नव्हते, उलट आता जे होतं तेही गोळी काढून टाकत होती. चार दिवस उठताना डोळ्यांपुढं अंधारी यायची. तोंड कोरडं पडायचं, पोटऱ्यांत गोळे यायचे. ऊन आहे, म्हणून सोडून दिलं. पंधरा दिवसांनी करायची रक्ततपासणीही राहून गेली.

माझ्याबरोबर अप-डाऊन करणारी एक शिक्षिका आहे, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, बडनेऱ्याची. संध्याकाळी अकोला स्टेशनवर आम्ही बाकावर बसलो होतो. गाडी येत असल्याची घोषणा झाली, तशी मी पिशवी उचलून उठले. त्यापुढचं मला तिच्याकडून कळलेलं आहे. मी दोन पावलं टाकली आणि बसल्यासारखी खाली गेले. कपाळ बाकाच्या लोखंडी हातावर आपटलं. तिनं ओढणीनं रक्त दाबून धरलं आणि एका हमालाला ऑटो बघायला पाठवलं. आमची गाडी आली आणि गेली. मी डोळे उघडले तेव्हा ती म्हणत होती, "ताई, उठू नका. काही घाई नाही आपल्याले."

तिनं मला स्टेशनजवळच्या एका दवाखान्यात नेलं. तिथला डॉक्टर पोरसवदा होता. बीपी बघून त्यानं पट्टा सोडला आणि पुन्हा बांधला. वरचं ब्याऐंशी होतं. इतके महिने जे खाली आणायचं म्हणून धडपड चालली होती, ते असं खाली आलं होतं. त्यानं विचारलं, कोणत्या गोळ्या चालू आहेत? मी म्हटलं, बीपीची. नाव? मला सांगता येईना. बाबांच्या पाचही गोळ्यांची नावं आणि शक्ती मला पाठ होती. माझी म्हणजे एक लांबट, दोन रंगांची, आणि एक छोटी पांढरी. इतकंच.

शिक्षिकेनं माझी पर्स टेबलावर उलटी केली. रुमाल, पास, स्कूटीची किल्ली, आणि तीन पाकिटं. डॉक्टरनं ती एकाशेजारी एक ठेवली. लांबट गोळीच्या पाकिटावर बोट ठेवून म्हणाला, हिच्यात दोन औषधं आहेत. मग पांढरीवर बोट ठेवलं. "त्यातलंच एक हे. म्हणजे हे तुम्ही दुप्पट घेत होता." तिसऱ्या पाकिटाकडे बघून त्यानं विचारलं, ही दुखण्याची कधीपासून? मी सांगितलं. त्यानं लगेच रक्त काढायला सांगितलं.

रिपोर्ट आला. मूत्रपिंडांवर ताण आला होता. क्रिएटिनिन जितकं असायला हवं त्याच्या दुपटीवर गेलं होतं, सोडियम कमी, पोटॅशियम वरच्या काठावर. सलाइन लागलं, कपाळाला तीन टाके पडले. आज राहावं लागेल, असं तो म्हणाला.

मला त्या क्षणी स्वतःचं काही वाटलं नाही, बाबांच्या संध्याकाळच्या गोळ्यांचं वाटलं. मी फोन लावला. खोटं बोलायचं ठरवलं होतं, की ऑफिसात काम निघालं, मैत्रिणीकडे राहते. पण आवाजावरून त्यांना कळलं. मी सगळं सांगितलं.

"माह्या गोया डबीत हायेत," ते म्हणाले. "म्या घेतल्या. भाकर हाये, खातो. तू पडून राय."

शेजारच्यांना सांगू का, असं मी विचारलं. त्यांनी नको म्हटलं आणि फोन ठेवला. मी भिंतीकडे तोंड करून झोपले. खरं सांगायचं तर कित्येक महिन्यांनी मला कोणी पडून राहा म्हटलं होतं, आणि मी पडून राहिले. शिक्षिका रात्रभर बाजूच्या खुर्चीवर होती. दुसऱ्या दिवशी तिनं शाळेत रजा टाकली आणि दुपारी मला घरी आणून सोडलं.

दोन दिवसांनी आमच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. अकोल्याच्या डॉक्टरनं बजावून सांगितलं होतं की घरातली सगळी औषधं पिशवीत घालून न्या. ती पिशवी बाबांनी भरली. ते स्वतःही आले, काठी घेऊन, ऑटोत पुढं बसून. पिशवीतून डॉक्टरीणबाईंनी एकेक काढलं: नवी गोळी, दोन्ही जुन्या, दुखण्याची, पित्ताची, शेजारणीनं दिलेलं कसलं तरी चूर्ण, आणि शेवटी मिठाचा पुडा. बीपीवाल्यांसाठी चांगलं म्हणून मी कमी सोडियमचं मीठ आणलं होतं, तेही बाबांनी टाकलं होतं. मला हसू आलं. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, बरं झालं आणलंत. यात पोटॅशियम असतं. तुमच्या गोळीनं ते अंगात आधीच साठतं. हे बंद, साधंच मीठ, पण कमी.

मग मी सांगितलं. कामाच्या दिवशी गोळी घेत नव्हते, रोज घेते म्हणून खोटं सांगितलं, संडासाचं असं असं आहे. बाबांसमोर सांगताना मान वर करवत नव्हती. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. त्याही दमलेल्या दिसत होत्या.

"म्हणजे तुम्ही घेतच नव्हता," त्या म्हणाल्या, "आणि मी वाढवत गेले."

रागानं नाही म्हणाल्या. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. पुढं त्या म्हणाल्या, यात माझीही चूक आहे. रोज घेता का असं विचारलं की सगळे हो म्हणतात. आठवड्यात किती राहिल्या, असं विचारायला हवं होतं.

त्यांनी त्या दिवशी मला अर्धा तास दिला. बाहेर लोक चुळबुळ करत होते. त्या म्हणाल्या, दोन औषधं एका गोळीत असणं वाईट नाही, उलट बऱ्याच जणांना तेच सोयीचं पडतं, गोळ्या कमी म्हणजे चुका कमी. पण त्या एका गोळीत कोण कोण आहे ते आपल्याला ठाऊक पाहिजे. नवी आली की जुनी घरात ठेवायचीच नाही. पाणी काढणारी गोळी, ही पहिली गोळी आणि दुखण्याची गोळी, या तिघी एकत्र आल्या की मूत्रपिंडांवर फार भार पडतो, त्यात ऊन आणि पाणी न पिणं. गुडघ्यासाठी काही घ्यायचं तर आधी मला विचारा. उलट्या-जुलाब झाले, तर त्या दिवशी गोळी घ्यायची की थांबायचं ते फोन करून विचारा. बंद करायचं असलं तरी सांगून करा, आपल्या मनानं नाही. आणि उठताना आधी पाय खाली सोडून बसा, मग उभ्या राहा.

तूर्त त्यांनी सगळं थांबवलं, एकच वेगळी हलकी गोळी दिली. दहा दिवसांनी रक्त तपासलं, क्रिएटिनिन उतरायला लागलं होतं. महिना-सव्वा महिन्यानं ते जवळपास पूर्ववत झालं. मग पुन्हा दोन औषधांची एक गोळी सुरू केली, पण या वेळी पाणी काढणारं औषध तिच्यात नव्हतं. पायांना सूज येऊ शकते, आली तर सांगा, त्या म्हणाल्या. मला वाटलं, हे इतकं सोपं होतं. लाज सोडून पहिल्याच दिवशी सांगितलं असतं, तर दुसरं औषध निघालंच असतं.

घरी बाबांनी माझा ताबा घेतला. ते रेल्वेत गेटमन होते. आयुष्य फाटकावर गेलं. गाडी सुटायच्या आधी स्टेशन मास्तर फोनवर एक नंबर सांगायचा, यांनी तो परत म्हणून दाखवायचा, वहीत लिहायचा, मगच पुढचं. ऐकू आलं एवढ्यावर काम भागत नसे, म्हणून दाखवावं लागे. सकाळची वंदना झाली की ते मला समोर बसवतात, दंडाला मशीनचा पट्टा बांधतात, पाच मिनिटं बोलू देत नाहीत. आकडा वहीत लिहितात. मग गोळीचं पाकीट हातात देऊन म्हणतात, वाच. मी दोन्ही औषधांची नावं वाचते. ते ती म्हणायचा प्रयत्न करतात, दुसरं नाव त्यांना अजून नीट येत नाही.

पहिल्या दिवशी मला राग आला होता. गाडी चुकेल, म्हटलं. ते शांतपणे पट्टा गुंडाळत होते.

"माह्या गोया तू मोजून देतं," ते म्हणाले. "तुले कोन देते? म्या काई इचारलंच नाई कधी."

मी पिशवी उचलून निघाले. बोलले असते तर रडू आलं असतं, आणि खरोखरच उशीर झाला असता.

ऑफिसात मी अर्ज दिला. संडासाला कडी आणि पाणी हवं, असा. आम्ही तिघींनी सही केली. साहेबांनी वाचला आणि मान खाली घालून, होऊन जाईल म्हणाले. कडी पुढच्या आठवड्यात बसली. पाण्याची टाकी पावसाळ्यात आली, जेव्हा नळाला पाणी होतंच. बदलीचाही अर्ज दिला, वडिलांचं वय आणि माझे रिपोर्ट जोडून. तो परत आला. जागा रिकामी नाही.

गाडीत शिक्षिकेनं माझी हकीकत बाकीच्या बायकांना सांगितली. मला ते आवडलं नव्हतं, पण तिला थांबवलं नाही. समोर बसलेली नर्स म्हणाली, माझीही ती लघवीची गोळी आहे, मी ड्यूटीच्या दिवशी खातच नाही. तिला सगळं ठाऊक असायला हवं होतं, ती लोकांना गोळ्या देते. मग खिडकीजवळच्या एका बाईनं हळूच सांगितलं की ती अर्धी करून खाते. कोणीही डॉक्टरला सांगितलेलं नव्हतं. मग शिक्षिकेनं डब्यातला चिवडा काढला आणि विषय बदलला. त्या नर्सनं पुढं औषध बदलून घेतलं. दुसरीचं माहीत नाही, तिचा मुलगा नागपूरला असतो, ती तिकडे राहायला गेली.

आता माझं बीपी एकशे बत्तीस-चौतीसच्या आसपास असतं. पायांना संध्याकाळी थोडी सूज येते, ती मी सांगितली आहे. गुडघ्यासाठी शेक आणि दोन व्यायाम आहेत, ते होतात तेव्हा होतात. पुलाच्या पायऱ्या तितक्याच आहेत. थकवा गेला का, असं भाऊ विचारतो. तो बीपीचा नव्हताच, किंवा सगळाच बीपीचा नव्हता. तो तसाच आहे. मी त्याला इतकंच सांगितलं की दिवाळीला आलास तर आठ दिवस राहा, मला झोपायचं आहे. त्यानं रजा टाकतो म्हटलं आहे.

मागच्या महिन्यात तपासणीला गेले होते. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, पंधरा दिवसांत किती राहिल्या? मी दोन सांगितलं. एकदा पाकीट संपलं होतं, एकदा विसरले. त्यांनी ते लिहून घेतलं, पट्टा बांधला, आणि बाबा बाहेर बाकावर बसून कोणाशी तरी मोठ्यानं बोलत होते ते ऐकत मी पाच मिनिटं गप्प बसून राहिले.